नाटकाच्या प्रयोगांसाठी कॅमेरा : एका हौशी नाट्यसंस्थेच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका हौशी नाट्यसंस्थेला स्वतःचा डिजिटल कॅमेरा घ्यायचा होता. संस्थेच्या तालमी एका लहान सभागृहात चालत आणि प्रयोग बंदिस्त नाट्यगृहात होत. तोवर सगळे फोटो फोनवर निघत. समाजमाध्यमांवर टाकण्यापुरते ते चालून जात, पण ए३ आकाराचं पोस्टर छापायला घेतलं तेव्हा त्यांचं पितळ उघडं पडलं. चेहऱ्यांवरचे बारकावे पुसले गेले होते, हलणारे हात धूसर होते आणि दिव्यांच्या झोतात आलेली कपाळं पांढरीफटक पडली होती.

छायाचित्रणाची जबाबदारी संस्थेच्या एका सदस्येकडे होती. अॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा) यांचा आपसातला हिशेब त्यांना ठाऊक होता, मात्र लेन्स बदलता येणारा कॅमेरा त्यांनी फारसा हाताळलेला नव्हता. मनगटाचा जुना त्रास असल्यामुळे दोन तास हातात दीड-दोन किलो वजन धरणं त्यांना झेपणारं नव्हतं. अंदाजपत्रक ठरलेलं होतं आणि बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), लेन्स, कार्ड, बॅटरी, बॅग असं सगळं त्यातच बसवायचं होतं.

अपेक्षा तीन बाजूंनी आल्या. सदस्येला पोस्टर आणि माहितीपत्रकासाठी छापण्याजोगे फोटो हवे होते. खजिनदारांचं म्हणणं पडलं की एवढा खर्च करतोच आहोत तर त्याच कॅमेऱ्यावर पूर्ण नाटकाचं चित्रीकरणही व्हावं. दिग्दर्शकांची अट एकच होती : "प्रयोग चालू असताना कॅमेऱ्याचा आवाज नटांना ऐकू येता कामा नये, आणि प्रेक्षकांत उजेडही दिसता कामा नये."

अडचण नेमकी कुठे होती

पहिली निवड जवळजवळ पक्की झाली होती. ६० पट झूमचा, लेन्स न बदलता येणारा ब्रिज कॅमेरा. विचार सरळ होता : रंगमंच लांब असतो, म्हणून मोठा झूम हवा. शिवाय लेन्स बदलण्याची कटकट नाही आणि वजन आटोक्यात.

या विचारात अंतर होतं, प्रकाश नव्हता. फोनवरचे जुने फोटो बिघडले होते ते बहुतांशी लांब असल्यामुळे नव्हे, तर अंधारामुळे. हात धूसर झाले कारण शटर फार सावकाश चाललं. चेहरे गुळगुळीत झाले कारण आयएसओ वाढल्यावर आलेला नॉइज (दाणेदार ठिपके) पुसताना फोनने बारकावेही पुसले. कपाळं जळाली कारण मागचा काळा पडदा पाहून फोनने सगळाच फोटो उजळ केला. या तिन्ही बिघाडांवर झूम हा उपाय नाही. उलट अशा कॅमेऱ्यांत झूम वाढवत नेला की अॅपर्चर लहान होत जातं, म्हणजे आधीच अपुरा असलेला प्रकाश आणखी घटतो.

म्हणून खरेदी थांबवून आधी दोन गोष्टी मोजायच्या असं ठरलं. रंगमंचावर प्रकाश किती असतो आणि बसायची जागा किती अंतरावर असते. या टप्प्यावर मॉडेलांची तुलना बाजूला ठेवली, हा या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा निर्णय ठरला.

प्रकाश आणि अंतर यांची मोजणी

प्रकाशमापक विकत घ्यायची गरज पडली नाही. फोनने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या तपशिलात अॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ नोंदलेले असतात. फक्त दोन पथ्यं पाळावी लागतात. एक, नाइट मोड बंद ठेवायचा, कारण त्यात अनेक फोटो एकमेकांवर रचले जातात आणि तपशिलातले आकडे फसवे ठरतात. दोन, फ्रेममध्ये काळा पडदा येऊ न देता नटाचा चेहराच मोठा घ्यायचा किंवा स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून मोजमाप तिथे नेमायचं.

नेहमीच्या प्रवेशात आकडे आले : एफ/१.८, १/६० सेकंद, आयएसओ ३२०. (एफपुढचा आकडा जितका लहान तितकं अॅपर्चर मोठं.) निळ्या प्रकाशातल्या रात्रीच्या प्रवेशात आले : एफ/१.८, १/३० सेकंद, आयएसओ १२५०. म्हणजे दुसऱ्या प्रवेशात प्रकाश जवळपास आठपट कमी, तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

आता हिशेब. बोलणारा, हातवारे करणारा नट स्थिर पकडायचा तर १/२५० सेकंद तरी हवं. वेगवान हालचाल किंवा नाच असेल तर १/५००. १/६० वरून १/२५० वर गेलं की प्रकाश चौपट कमी मिळतो, म्हणून एफ/१.८ वर आयएसओ ३२० चा साधारण १३०० होतो. तोच फोटो एफ/२.८ च्या लेन्सने काढला तर आयएसओ ३२००. एफ/५.६ ने काढला तर १२,८००. आणि एफ/६.३ वर जवळजवळ १६,०००. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या स्वस्त जोडलेन्सांचं झूमच्या लांबच्या टोकाचं अॅपर्चर एफ/५.६ ते एफ/६.३ असतं, हे इथे ध्यानात घ्यायचं. रात्रीच्या प्रवेशात नट बहुधा स्तब्ध असतात, त्यामुळे १/१२५ चालतं. तरीही एफ/१.८ वर आयएसओ ५२०० आणि एफ/२.८ वर साडेबारा हजारांच्या घरात.

बॉडीतलं किंवा लेन्समधलं स्थिरीकरण इथे मदतीला येत नाही. ते हाताचा कंप सावरतं, नटाची हालचाल नाही. "पाच स्टॉप स्थिरीकरण" अशी जाहिरात वाचून कमी प्रकाशाचा प्रश्न सुटला असं पुष्कळांना वाटतं, आणि मग इमारतींचे फोटो स्वच्छ येतात पण माणसं मात्र पुसट.

अंतराचा हिशेब याहून सोपा. लागणारी फोकल लेंग्थ (लेन्स दृश्य किती जवळ आणते ते सांगणारं मिमीमधलं माप) म्हणजे सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपची, बाजू गुणिले अंतर, भागिले फ्रेममध्ये जेवढं बसवायचं आहे ते माप. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरची लांब बाजू साधारण २३.५ मिमी असते. नाट्यगृहात मिळणारी जागा रंगमंचापासून १० मीटरवर होती. कॅमेरा उभा धरून डोक्यावर आणि पायाखाली थोडी मोकळी जागा ठेवून नट पूर्ण बसवायचा म्हणजे २.२ मीटर. तर २३.५ × १० ÷ २.२, म्हणजे सुमारे १०७ मिमी. कमरेवरचा नट हवा तर साधारण २१४ मिमी. आणि आडव्या फ्रेममध्ये ८ मीटर रुंदीचा सगळा रंगमंच हवा तर २९ मिमी.

फुल फ्रेमच्या भाषेत, म्हणजे ३६ मिमी लांबीच्या मोठ्या सेन्सरसाठी हेच आकडे साधारण दीडपट करून सांगायचं तर, सगळी गरज ४५ ते ३२० मिमीच्या आत संपत होती. ६० पट झूमचे कॅमेरे १२०० मिमीच्याही पुढे जातात. त्या झूमचा तीन चतुर्थांश भाग या कामात कधी वापरलाच जाणार नव्हता, आणि त्याची किंमत मात्र लहान सेन्सर आणि लहान अॅपर्चरच्या रूपात प्रत्येक फोटोत मोजावी लागणार होती.

पोस्टरसाठी किती मेगापिक्सेल लागतात तेही काढलं. ए३ आकार ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४९६१ × ३५०८ पिक्सेल, म्हणजे १७.४ मेगापिक्सेल. ए४ला ८.७ पुरतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलचा सेन्सर भरपूर होता. ४० मेगापिक्सेलच्या मागे लागण्याचं कारण उरलं नाही.

विचारात घेतलेले पर्याय

ब्रिज कॅमेरा आकड्यांतच बाद झाला. त्याचा १/२.३ इंची सेन्सर प्रत्यक्षात सुमारे ६.२ × ४.६ मिमीचा, क्षेत्रफळ २८ चौरस मिमी. एपीएस-सीचं क्षेत्रफळ ३६६ चौरस मिमीच्या आसपास, म्हणजे तेरापट. तेवढ्या लहान सेन्सरवर आयएसओ १६०० लाच नॉइज बोचायला लागतो, आणि इथे हव्या त्या झूमवर एफ/५ च्या आसपासच्या अॅपर्चरने दहा हजारांची गरज होती.

फुल फ्रेम बॉडी आणि २४-१०५ मिमी एफ/४ लेन्स हा पर्याय सदस्येच्या एका परिचिताने आग्रहाने सुचवला होता. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिमी, एपीएस-सीपेक्षा सव्वादोनपटींहून मोठा, म्हणजे एक स्टॉपपेक्षा थोडा जास्त फायदा. पण एफ/२.८ ऐवजी एफ/४ ची लेन्स लावली की एक स्टॉप हातचा गेला. दोन्ही बाजू मांडल्या तर एपीएस-सीवरची एफ/२.८ लेन्स आणि फुल फ्रेमवरची एफ/४ लेन्स यांच्या फोटोंत नॉइज जवळपास सारखाच निघतो. फुल फ्रेमचा खरा लाभ ७०-२०० एफ/२.८ सारख्या लेन्ससोबत मिळतो आणि ती लेन्सच एक ते दीड किलोची. मनगटाच्या अटीवर ती बसत नव्हती आणि अंदाजपत्रकातही नाही.

मायक्रो फोर थर्ड्स या एपीएस-सीहून लहान सेन्सरच्या प्रकाराचा विचार गांभीर्याने झाला. सेन्सर १७.३ × १३ मिमी, एपीएस-सीपेक्षा सुमारे दोन तृतीयांश स्टॉप मागे, पण लेन्स लहान आणि हलक्या. ३५-१०० एफ/२.८ सारखी लेन्स चारशे ग्रॅमच्या आत मिळते. वजन हीच एकमेव अट असती तर हाच पर्याय निवडणं योग्य ठरलं असतं. रात्रीच्या प्रवेशाच्या आकड्यांमुळे तो मागे पडला.

जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) ओळखीतून मिळत होता आणि सोबत एक ८५ मिमी लेन्स. इथे दोन अडचणी निघाल्या. ती बॉडी निकॉनच्या प्राथमिक श्रेणीतली होती आणि तिच्यात फोकसची मोटर नव्हती. जुनी एएफ-डी लेन्स (जिच्यात स्वतःची मोटर नसते) अशा बॉडीवर बसते, मोजमापही होतं, पण फोकस हाताने करावा लागतो. जुन्या लेन्स स्वस्तात मिळतात तेव्हा ही गोष्ट हमखास नजरेतून सुटते. दुसरी अडचण आरशाची. आरसा वर उचलला जाऊन खाली पडण्याचा आवाज शांत प्रवेशात चार-पाच रांगांपर्यंत ऐकू जातो. बऱ्याच बॉडींत असलेला "शांत" मोड आवाज मऊ करतो, नाहीसा करत नाही.

एपीएस-सी मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी आणि दोन लेन्सांचा तयार संच हा दुकानांत सर्वांत जास्त पुढे केला जाणारा पर्याय. त्यातल्या लांबच्या लेन्सचं अॅपर्चर एफ/६.३ पर्यंत खाली येतं. हिशेब वर दिलाच आहे. भर उन्हात प्रवासाचे फोटो काढणाऱ्याला हा संच उत्तम आहे, नाट्यगृहात मात्र तो फोनपेक्षा फारसा पुढे जात नाही.

उरला शेवटचा पर्याय : एपीएस-सी मिररलेस, नुसती बॉडी, आणि मोठ्या अॅपर्चरच्या दोन वेगळ्या लेन्स. १८-५० एफ/२.८ झूम, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि ८५ मिमी एफ/१.८, वजन चारशेच्या आत. बॉडीसकट एकूण सव्वा किलो, आणि एका वेळी हातात त्याहूनही कमी.

बॉडी निवडताना एक अट दिग्दर्शकांच्या मागणीतून आपोआप आली : डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर हवाच. चित्रफिती करणाऱ्यांसाठी काढलेल्या अनेक लहान मिररलेस बॉडींत तो नसतो. मागच्या स्क्रीनवर बघत फोटो काढले तर अंधाऱ्या प्रेक्षागृहात तो उजेड मागच्या सगळ्या रांगांना दिसतो.

चित्रीकरणाच्या अपेक्षेला इथेच नकार द्यावा लागला. ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट दराने केलं तर तासाला ४५ जीबी, दोन अंकी नाटकाला ९० जीबी. बऱ्याच बॉडी सलग चित्रीकरणात तापून बंद पडतात, काही जुन्या बॉडी अर्ध्या तासाला आपोआप थांबतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट, चित्रीकरणात गुंतलेला कॅमेरा फोटो काढायला मोकळा नसतो. खजिनदारांना हे आकड्यांनिशी दाखवल्यावर पटलं. नोंदीपुरतं चित्रीकरण एका सदस्याच्या जुन्या कॅमकॉर्डरवर, मागच्या रांगेत ट्रायपॉड लावून करायचं ठरलं.

तालमीतली चाचणी

खरेदीआधी तशीच बॉडी आणि दोन्ही लेन्स एका दिवसासाठी भाड्याने आणल्या. चाचणी लहान सभागृहातल्या रंगीत तालमीत केली, म्हणजे दिवे प्रयोगाचेच होते. तपासायचं होतं ते मुख्यतः आवाज नसलेल्या इलेक्ट्रॉनिक शटरबद्दल.

हे शटर पूर्ण मूक असतं, पण त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो, मॉडेलनुसार कमी-जास्त. तेवढ्या वेळात दिवा लुकलुकत असेल तर काही ओळींना जास्त प्रकाश मिळतो, काहींना कमी, आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झ असेल तिथे १२० वेळा. म्हणून पहिल्या ठिकाणी १/५० किंवा १/१००, दुसऱ्या ठिकाणी १/६० किंवा १/१२० ठेवलं की प्रत्येक ओळीला लुकलुकण्याचं पूर्ण आवर्तन मिळतं आणि पट्टे जातात. रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांना मात्र हा नियम लागू पडेलच असं नाही. ते मंद करायचे तेव्हा बहुधा अतिवेगाने चालू-बंद करून मंद केले जातात आणि तो वेग दिव्यादिव्यागणिक वेगळा असतो.

चाचणीची पद्धत अशी. मागच्या पांढऱ्या पडद्यावर एकाच दिव्याचा झोत टाकायचा, कारण पट्टे सपाट पांढऱ्यावर चटकन दिसतात. १/६०, १/१००, १/१२५, १/२५० आणि १/५०० अशा पाच वेगांवर, आधी यांत्रिक आणि मग इलेक्ट्रॉनिक शटरने एकेक फोटो. मग दिवा पूर्ण, अर्धा आणि अगदी मंद करून तेच पुन्हा. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला आधी सांगून ठेवलं तर अर्ध्या तासात होतं.

निष्पन्न असं झालं. हॅलोजनच्या झोतात कुठलीच अडचण नाही, कारण तार तापलेलीच राहते. एलईडी पूर्ण तेजाने असताना पट्टे नाहीत. निळे एलईडी मंद केले की इलेक्ट्रॉनिक शटरवर १/२५० आणि १/५०० ला ठळक पट्टे, १/१०० ला अगदी फिकट. यांत्रिक शटरवर पट्टे जवळपास नाहीत, कारण त्याचा पडदा सगळा सेन्सर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास पार करतो. अनेक बॉडींत "अँटी-फ्लिकर" नावाची सोय असते. ती बहुधा १०० आणि १२० हर्ट्झचंच लुकलुकणं ओळखते आणि बऱ्याच बॉडींत इलेक्ट्रॉनिक शटरसोबत चालतही नाही. तिच्या भरवशावर राहता आलं नाही.

इलेक्ट्रॉनिक शटरचा दुसरा दोष झपकन फिरवलेल्या काठीच्या फोटोत दिसला. सरळ काठी धनुष्यासारखी वाकलेली आली. वाचन अतिशय वेगाने करणाऱ्या स्टॅक्ड सेन्सरच्या बॉडींत हे दोन्ही दोष फार कमी असतात, पण त्या अंदाजपत्रकाबाहेर होत्या.

छपाईचीही चाचणी केली. ए३चा पूर्ण प्रिंट काढण्याऐवजी फोटोचा चेहरा असलेला अर्धा भाग कापून ए४वर छापला. ए३ पोस्टरवर तो भाग जेवढा दिसणार तेवढाच तो इथे दिसतो आणि खर्च वाचतो. आयएसओ ३२००, ६४०० आणि १२,८०० चे तीन प्रिंट हातभर अंतरावरून पाहिले. ६४०० पर्यंत सगळ्यांचं समाधान झालं. १२,८०० चा फोटो स्क्रीनवर चालला असता, पोस्टरवर नाही. म्हणजे रात्रीच्या प्रवेशासाठी एफ/२.८ पुरत नव्हतं आणि ८५ एफ/१.८ लेन्सची गरज आकड्यांनी सिद्ध झाली.

खरेदी आणि सेटिंग्ज

पैसे लेन्सांवर घालायचे आणि बॉडी एक पिढी जुनी, वापरलेली घ्यायची असं ठरलं. आमच्या मते मर्यादित अंदाजपत्रकात हीच विभागणी योग्य आहे. बॉडी चार-पाच वर्षांत मागे पडते, चांगली लेन्स त्याच माउंटच्या (लेन्स बसवायच्या जोडणीच्या) पुढच्या बॉडीवरही चालते.

वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा पडलंय ते पाहिलं. यांत्रिक शटरचं आयुष्य साधारण एक ते दोन लाख फोटो धरलं जातं. एफ/१६ वर, फोकस मुद्दाम हलवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. धूळ असेल तर काळसर ठिपके दिसतात. ते साफ होतात, पण ओरखडा साफ होत नाही. लेन्स लावून हलकेच हलवली तर माउंट सैल आहे का ते कळतं. कार्डाचं आणि बॅटरीचं झाकण, बॅटरीचे संपर्कबिंदू आणि व्ह्यूफाइंडर चालू-बंद करणारा सेन्सर हेही बघून घेतलं. लेन्स नव्याच घेतल्या. जुनी लेन्स घ्यायची वेळ आली तर मागून टॉर्चचा झोत टाकून समोरून पाहायचं. बुरशीचे धागे तेव्हाच दिसतात.

प्रयोगासाठी बसवलेली मांडणी अशी : मॅन्युअल मोड, एफ/२.८ किंवा एफ/२, १/२५० (रात्रीच्या प्रवेशात एफ/१.८ आणि १/१२५), आयएसओ आपोआप आणि कमाल मर्यादा ६४००. काळ्या पडद्यामुळे कॅमेरा फोटो जास्त उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर भरपाई उणे १ ते उणे १.७. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) स्थिर, ३२०० ते ४००० केल्व्हिनच्या दरम्यान. तो ऑटोवर ठेवला तर प्रकाशयोजनाकाराने मेहनतीने रंगवलेला प्रवेश कॅमेरा "सुधारून" टाकतो. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). सलग फोकस आणि चेहरा-ओळख चालू. आणि चार गोष्टी बंद : फोकसला मदत करणारा पुढचा दिवा, मागची स्क्रीन, काढलेला फोटो लगेच दाखवण्याची सोय आणि सगळे बीप. पुढचा दिवा विसरला तर फोकस करताना नटाच्या अंगावर रंगीत ठिपका पडतो.

निळ्या आणि लाल प्रकाशात साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) फसवतो. एकूण प्रकाश ठीक दिसतो, पण निळा रंग टोकाला जाऊन चेहऱ्याचा निळा डाग झालेला असतो. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम पाहून, निळा उजवीकडच्या भिंतीला टेकणार नाही इतपत फोटो काळोखा ठेवायचा.

पहिल्या प्रयोगांत काय घडलं

पोस्टरचा प्रश्न सुटला. पहिल्या प्रयोगातून ए३ला पुरतील असे फोटो मिळाले, रात्रीच्या प्रवेशाचेसुद्धा. १० मीटरवरून ८५ मिमीच्या उभ्या फ्रेममध्ये साधारण पावणेतीन मीटर मावतात, त्यामुळे नट पूर्ण आणि सुटा बसत होता. कमरेवरचा फोटो हवा तेव्हा फ्रेम दोन्ही बाजूंनी निम्मी कापावी लागली. उरले ६ मेगापिक्सेल. ए४वर ते सुमारे २५० डीपीआय भरतात, माहितीपत्रकाला व्यवस्थित चालले. ए३वर १८० डीपीआयच्या आसपास येतात. भिंतीवरच्या पोस्टरला चालतं, हातात घेऊन पाहायच्या प्रिंटला नाही.

अडचणी वेगळ्याच ठिकाणी आल्या. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर बॅटरी संपली. मिररलेस कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर आणि सेन्सर सतत चालू असतात. एका बॅटरीवर तीनशे-चारशे फोटोंचा दर्जा दिलेला असतो, आणि डोळा दोन तास लावून ठेवल्यावर फोटो कमी काढले तरी बॅटरी संपते. दुसरी बॅटरी नंतर घेऊ म्हणून ठेवली होती. ती पहिल्या दिवशीच घ्यायला हवी होती.

अंधारात लेन्स बदलताना एक महत्त्वाचा क्षण निसटला. पुढच्या प्रयोगापासून पहिल्या अंकाला १८-५० आणि दुसऱ्याला ८५ असं ठरवून टाकलं आणि राहिलेलं त्यापुढच्या प्रयोगात उलट क्रमाने घेतलं.

सलग फोटो घेताना कॅमेरा अडकायचा. घरात पडलेलं जुनं कार्ड वापरात होतं. २४ मेगापिक्सेलची संकोचित रॉ फाइल २५ ते ३० एमबीची असते, आणि कार्ड लिहायला हळू असेल तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती) भरून कॅमेरा थांबतो. व्ही३० दर्जाचं कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं. ते घातल्यावर खोळंबा पुष्कळ कमी झाला. ६४ जीबीची दोन कार्डं पुरेशी ठरली.

आवाजाबाबत तडजोड झाली. संवाद किंवा संगीत जोरात असताना यांत्रिक शटर. निःशब्द प्रवेशात इलेक्ट्रॉनिक शटर, तेही १/१०० वर आणि नट थबकलेला असेल तेव्हाच. त्यामुळे शांत प्रवेशातले हालचालीचे फोटो मिळेनात, आणि नाटकातले सर्वांत बोलके क्षण नेमके त्याच प्रवेशात होते.

काय वेगळं करता आलं असतं

अंतर नाट्यगृहात मोजलं हे बरोबर झालं, पण चाचणी झाली लहान सभागृहात, ६ मीटरवरून. तिथे ८५ मिमीत नट गुडघ्यापर्यंतच मावत होता, त्यामुळे ही लेन्स फार जवळची वाटून जवळपास रद्द होणार होती. आकड्यांनी ती वाचवली. भाड्याची चाचणी शक्यतो प्रत्यक्ष प्रयोगाच्याच जागी, ठरलेल्या खुर्चीत बसून करावी.

याहून मोठा मुद्दा तिसऱ्या प्रयोगानंतर लक्षात आला. फोटो प्रयोग चालू असतानाच काढायचे, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती अट कुणी तपासली नव्हती. मूक शटर, त्यामुळे येणारे पट्टे, एकाच खुर्चीत अडकणं, लांबच्या लेन्सची ओढ, हे सगळं त्या एका गृहीतकातून आलं होतं. नाट्यगृहातल्या रंगीत तालमीत तीच वेशभूषा, तेच नेपथ्य, तेच दिवे असतात. प्रेक्षक नसतात. रंगमंचापासून चार मीटरवर उभं राहता येतं, यांत्रिक शटर मोकळेपणाने वापरता येतं आणि १८-५० झूमच्या ५० मिमीवर नट सहज फ्रेम भरतो.

दिग्दर्शकांशी हे आधी बोलणं झालं असतं तर आवाजाची अट जवळपास गळून पडली असती. मग ओळखीतला डीएसएलआरही, मोटर असलेली बॉडी किंवा स्वतःची मोटर असलेली लेन्स मिळवून, विचारात घेता आला असता आणि अंदाजपत्रकाचा मोठा भाग वाचला असता. घेतलेली बॉडी वाया गेली असं नाही. तिचा व्ह्यूफाइंडर फोटो काढण्याआधीच उजेड-अंधार दाखवतो, रंगमंचाच्या बदलत्या दिव्यांत ही फार मोठी सोय आहे, आणि चेहरा-ओळखीने हुकलेले फोकस कमी झाले. पण पर्यायांची तुलना करताना एक बाजू विनाकारण बंद करून ठेवली गेली होती.

आता संस्थेत पोस्टर आणि माहितीपत्रकाचे फोटो नाट्यगृहातल्या रंगीत तालमीतच निघतात. दिग्दर्शक तालीम संपल्यावर निवडक चार-पाच प्रसंग दिव्यांसह पुन्हा उभे करून देतात, त्यात रात्रीचा प्रवेश नेहमी असतो. प्रयोगाच्या दिवशी सदस्या फक्त ८५ मिमी लावून बसतात आणि टाळ्या, हशा किंवा संगीत चालू असेल तेवढ्यातच शटर दाबतात.